मोटारगाडीचा काळा रंगलेप व त्याची निगा

मोटारगाडीच्या पत्र्याचे गंजापासून रक्षण करणारा व तिला शोभा आणणारा जो पातळ, अनेकथरी लेप तिच्यावर चढविलेला असतो, त्यास मोटारीचा रंगलेप म्हणतात. त्याची एकूण जाडी आजच्या बहुतेक गाड्यांत सु. १०० ते १५० मायक्रोमीटर, म्हणजे साधारणपणे माणसाच्या दोन केसांइतकी असते. सर्व रंगांमध्ये काळा रंग राखण्यास अवघड, अशी समजूत रूढ आहे व ती आज खरीही आहे. तथापि मोटारीच्या आरंभीच्या काळात परिस्थिती वेगळी होती. स्वस्त, चिवट व फारशी निगा न मागणारा म्हणूनच काळा रंग तेव्हा लक्षावधी गाड्यांवर चढविला गेला. पुढे लेपाची रासायनिक घडण बदलत गेली, तसतसा तोच रंग सर्वांत अधिक निगा मागणारा ठरला. गाडी धुण्याच्या, कोरडी करण्याच्या व तिला मेण लावण्याच्या पद्धतींमधील स्थित्यंतरे समजून घ्यावयाची, तर लेपाचा हा इतिहास पाहावा लागतो.

काळ्या पृष्ठभागावरील दोष डोळ्यांत भरतात, याचे कारण प्रकाशाच्या परावर्तनात आहे. तुळतुळीत लेपाचा प्रणमनांक सु. १·५ असल्याने त्यावर लंबरूप पडणाऱ्या प्रकाशापैकी सु. ४ टक्के प्रकाश वरच्या पृष्ठभागावरूनच आरशाप्रमाणे परत फिरतो. उरलेला प्रकाश आत शिरतो. पांढऱ्या लेपात तो रंगद्रव्याच्या कणांवरून सर्व दिशांना विखुरला जाऊन पुन्हा बाहेर येतो, तर काळ्या लेपात काजळीचे कण तो जवळजवळ सर्वच शोषून घेतात. त्यामुळे काळ्या गाडीत पाहणाऱ्याला दिसते ते केवळ भोवतालचे प्रतिबिंब. धुळीचा कण, पाण्याचा वाळलेला डाग किंवा केसाएवढा ओरखडा यांवरून विखुरलेला थोडासाही प्रकाश त्या अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. तेवढाच ओरखडा पांढऱ्या गाडीवरही असतो, परंतु तेथे तो मुळातल्या विखुरलेल्या प्रकाशात बुडून जातो. दिव्याखाली काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती पाहून कोणी गोलगोल पुसल्यामुळे ती पडली असे समजले जाते. वस्तुतः ओरखडे सरळ व सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती योग्य कोनात असलेलेच तेवढे चमकतात आणि वर्तुळाचा भास होतो. दिवा हलविला की वर्तुळेही त्याबरोबर सरकतात.

मोटारीला रंग लावण्याची कला घोडागाडीच्या कारागिरांकडून आली. पहिल्या मोटारींच्या बॉड्या लाकडी सांगाड्याच्या असत व पुष्कळदा बग्ग्या बांधणाऱ्या कारखान्यांतूनच तयार होत. जवसाच्या तेलात शिसेयुक्त सफेद्याचे अस्तर, त्यावर भरणद्रव्याचे थर, प्यूमिस दगडाने घासाई, मग रंगाचे आणि शेवटी कोपलसारख्या राळेपासून केलेल्या व्हार्निशाचे अनेक हात, असा हा क्रम असे. प्रत्येक थर हवेतील ऑक्सिजनाने हळूहळू वाळत असल्याने गाडी बाहेर पडण्यास कित्येक आठवडे लागत. असे व्हार्निश दिसण्यात खोल व सुंदर, पण स्वभावाने मऊ. म्हणून बग्गी धुण्याचे नियम कडक होते : चिखल वाळू देऊ नये, तो खरवडून न काढता भरपूर पाण्याने भिजवून वाहून जाऊ द्यावा, स्पंज पाण्याने ओथंबलेला असावा, चाकांसाठी वेगळा स्पंज वापरावा, उन्हात धुऊ नये व शेवटी शॅमॉय चामड्याने पाणी टिपून घ्यावे. बग्गीची खोली तबेल्याला लागून नसावी, असाही दंडक होता. कारण घोड्यांच्या मूत्रातून निघणाऱ्या अमोनियाने व्हार्निशाची चकाकी जाई. यांपैकी तबेल्याचा नियम सोडला, तर बाकीचे नियम आजच्या काळ्या गाडीलाही शब्दशः लागू पडतात. मधल्या काही दशकांत मात्र त्यांचा मोटारमालकांना विसर पडला होता. तो का पडला, हे पुढील हकिकतीवरून कळून येईल.

काळ्या लेपाची दुसरी परंपरा पूर्वेकडून आली. जपान, चीन व कोरिया या देशांत उरुशी वृक्षाच्या चिकापासून लाखरोगण करण्याची कला फार प्राचीन आहे. हा चीक दमट हवेत, त्यातील एंझाइमाच्या क्रियेने कठीण होतो. त्यात लोहसंयुग मिसळले असता तो गडद काळा बनतो. सतराव्या शतकात ही भांडी व पेट्या यूरोपात पोहोचल्यावर त्यांचे अनुकरण सुरू झाले. मूळ चीक तेथे उपलब्ध नसल्याने लाख, राळ व पुढे अस्फाल्ट यांचा वापर झाला आणि या कृतीला जपानच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. अठराव्या शतकात वेल्समधील पाँटिपूल व इंग्लंडमधील बर्मिंगहॅम-वुल्व्हरहॅम्प्टन परिसर यांत पत्र्याच्या वस्तूंवर असे रोगण चढवून ते भट्टीत भाजण्याचा धंदा भरभराटीस आला. अस्फाल्ट जवसाच्या तेलात शिजवून टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेले हे ‘जपानी काळे’ रोगण पुढे शिवणयंत्रे व सायकली यांवरून मोटारीवर आले. अमेरिकेतील यूटा राज्यात सापडणारे गिल्सोनाइट नावाचे नैसर्गिक अस्फाल्ट या कामी विशेष उपयोगी ठरले.

काळ्या मोटारीचे नाव निघाले की हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ या गाडीचा उल्लेख ओघाने येतोच. ती १९०८ साली बाजारात आली तेव्हा ती लाल, हिरव्या, करड्या इ. रंगांत मिळत असे. हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ साली सरकती जुळणीरेषा सुरू झाली व सांगाड्याच्या जुळणीचा वेळ साडेबारा तासांवरून सु. दीड तासावर आला. त्यानंतर १९१४ पासून १९२५ पर्यंत ही गाडी केवळ काळ्या रंगात विकली गेली. फोर्ड यांच्या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तामुळे काळ्या रंगाच्या या आग्रहाची गोष्ट सर्वतोमुखी झाली. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून तो निवडला गेला, असा खुलासा सामान्यतः केला जातो. तो अपुरा वाटतो. चिखलपंखे व इतर धातूचे भाग रोगणात बुडवून भट्टीत सु. २०० °से. पर्यंत भाजले जात हे खरे. पण बॉडीच्या आत लाकडी सांगाडा असल्याने ती इतकी तापविणे शक्य नसे व तिच्यावर रंग ओतून तो वाळू दिला जाई. निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळी काळी रोगणे वापरली जात आणि त्यांचे वाळण्याचे वेळ सारखे नव्हते. तेव्हा स्वस्ताई, एकच रंग ठेवल्याने होणारी सोय आणि टिकाऊपणा हीच खरी कारणे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

या टिकाऊपणाचा खुलासा रंगद्रव्यात सापडतो. काजळी किंवा कार्बन ब्लॅक हे दृश्य प्रकाशाप्रमाणेच सूर्यप्रकाशातील जंबुपार प्रारणही शोषून घेते. लेपातील बंधक पदार्थाचे रेणू तोडणारे हे प्रारण वरच्या अतिसूक्ष्म थरातच अडविले जाते व खालचा लेप सुरक्षित राहतो. त्या काळचे लाल व निळे रंग काही वर्षांत फिके पडत, काळा पडत नसे. कच्च्या रस्त्यावरील चिखल बादलीभर पाण्याने धुऊन काढला की खेड्यातील डॉक्टरची किंवा शेतकऱ्याची काळी गाडी पुन्हा कामाला तयार होई. तिने आरशासारखे चमकावे, अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

ही अपेक्षा निर्माण केली ती नायट्रोसेल्युलोज लॅकरने. पहिल्या महायुद्धानंतर द्यू पाँ या अमेरिकन कंपनीने कमी श्यानतेच्या नायट्रोसेल्युलोजापासून ‘ड्युको’ हे लॅकर तयार केले. जनरल मोटर्सच्या ओकलंड या गाडीवर १९२३ साली ते निळ्या रंगात अवतरले. विद्रावक उडून गेला की लेप तयार, अशी त्याची रीत असल्याने रंगकामाचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला. रंगीत गाड्याही झपाट्याने करता येऊ लागल्या व फोर्ड यांनाही १९२६ च्या गाड्यांसाठी पुन्हा रंग उपलब्ध करून द्यावे लागले. हे नाव भारतात इतके रुजले की आजही गॅरेजमध्ये व लाकूडकामात फवाऱ्याने मारलेल्या रंगाला सरसकट ‘ड्युको’ म्हटले जाते.

मात्र हे लॅकर फवारल्यावर आपोआप चकाकत नसे. ते बारीक अपघर्षकाने घासून चमकवावे लागे. शिवाय उन्हाने त्याचा वरचा थर मरत असे व त्याची भुकटी होई. ती पॉलिशने घासून काढली की खालचा ताजा थर उघडा पडून गाडी नवी दिसे. काळ्या गाडीचे फडके अशा वेळी काळेभोर होई. म्हणजे चकाकी मिळे ती लेप खर्ची घालून. दर महिन्या-दोन महिन्यांनी घासलेल्या गाडीच्या कडांवर काही वर्षांत अस्तर दिसू लागे. तरीही घासणे म्हणजेच निगा, ही समजूत या काळात घट्ट झाली आणि बग्गीवाल्यांचा न घासण्याचा धडा मागे पडला. शिकागो येथील ‘सिमोनाइझ’ या उत्पादनाचे नाव इंग्रजी भाषेत गाडी चमकविणे या अर्थाचे क्रियापद बनले, यावरून या सवयीचा प्रसार ध्यानात येतो.

पॉलिश व मेण या दोन भिन्न गोष्टी होत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पॉलिश लेप झिजविते, मेण त्यावर चढते. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका तालवृक्षाच्या पानांवरून झाडून मिळविलेले कार्नोबा मेण या कामी श्रेष्ठ गणले गेले. त्याचा वितळबिंदू ८२° ते ८६° से., म्हणजे नैसर्गिक मेणांमध्ये सर्वांत वरच्या श्रेणीतील आहे. तो मधमाश्यांच्या मेणापेक्षा सु. २० अंशांनी जास्त असल्याने उन्हातल्या पत्र्यावर त्याचा लेप टिकू शकतो. काळ्या गाडीवर त्याचा आणखी एक उपयोग होतो : अतिसूक्ष्म ओरखडे काही काळ भरून निघतात व प्रतिबिंब अधिक खोल भासते. पाऊस व धुणी यांनी काही आठवड्यांत मेण निघून जाते आणि ओरखडे होते तसे पुन्हा दिसू लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मेणांत सिलिकोने मिसळली जाऊ लागली. त्यांनी पुसण्याचे श्रम कमी केले. पण गाडी पुन्हा रंगविताना सिलिकोनाचा अंशही राहिला, तर नव्या रंगात खड्डे पडतात, ही नवी डोकेदुखी रंगाऱ्यांच्या वाट्याला आली.

यानंतर भट्टीत भाजलेली अल्किड एनॅमले व १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकरे आली. त्यांनी लेप अधिक कठीण व टिकाऊ केला, परंतु रंगद्रव्य वरच्याच थरात ठेवण्याची जुनी पद्धत कायम राहिली. मुंबईकरांच्या परिचयाची काळीपिवळी टॅक्सी याच परंपरेतील. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डिलाइट व पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली तीच गाडी अनेक दशके या शहराची टॅक्सी म्हणून धावली. तिचा टप पिवळा व खालचा भाग काळा. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस व उघड्यावरचा मुक्काम अशा स्थितीत तिचे धुणे बहुधा बादली आणि फडके एवढ्यावरच भागे. नोंदणी झालेली या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीची होती. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निवृत्त झाली.

काळ्या रंगाच्या दृष्टीने खरा पालट घडविला तो द्विस्तरी लेपाने. १९७० नंतर यूरोपात व १९८० नंतर अमेरिका-जपानमध्ये सर्वत्र रूढ झालेल्या या पद्धतीत रंगद्रव्याचा थर अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असून त्यावर सु. ४० मायक्रोमीटरचा पारदर्शक थर असतो. अशा गाडीवर पॉलिश घासले, तर फडक्याला काळा रंग लागत नाही. गाडी कोणत्या पिढीची आहे हे ओळखण्याची ही सोपी खूण होय. काजळीचे कण आता पारदर्शक थराखाली गाडले गेले. त्यामुळे वरच्या थराचे जंबुपार प्रारणापासून रक्षण करण्यास ते असमर्थ ठरले व ते काम थरात मिसळलेल्या संश्लिष्ट शोषक द्रव्यांकडे आले. काळ्या गाडीचा वरचा थर आता पांढऱ्या किंवा तांबड्या गाडीच्या थराहून वेगळा राहिला नाही. तिचा जुना विशेष गुण नाहीसा झाला, प्रत्येक दोष उघड करण्याचा स्वभाव मात्र तसाच राहिला. उलट पृष्ठभाग अधिक आरशासारखा झाल्याने तो वाढलाच. शोषक द्रव्यांचा पुष्कळ भाग वरच्या काही मायक्रोमीटरांत उपयोगी पडत असल्याने वारंवार पॉलिश करणे येथे जुन्या लॅकरपेक्षाही घातक ठरते. एकदा पारदर्शक थर पातळ झाला, की तो सोलवटू लागतो व पुन्हा रंगविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

धुण्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. बहुतेक ओरखडे रस्त्यावर पडत नाहीत, ते पुसताना पडतात. धुळीत क्वॉर्ट्‌झाचे कण असतात व ते कोणत्याही रंगलेपापेक्षा कितीतरी कठीण असतात. आपल्याकडे शहरांतून रोज पहाटे कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याने गाडी झटकण्याची जी चाल आहे, तिच्याइतके काळ्या गाडीचे नुकसान उन्हापावसानेही होत नसेल. एकच फडके व एकच बादली दहा-पंधरा गाड्यांना पुरविली जाते, तेव्हा ते फडके म्हणजे बारीक सँडपेपरच होय. याउलट प्रथम नुसत्या पाण्याने धूळ वाहवून द्यावी. नंतर सौम्य प्रक्षालकाच्या फेसाळ पाण्यात भिजविलेल्या मऊ हातमोज्याने, टपापासून खाली येत, दाब न देता पुसावे. मोजा प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या बादलीत खळबळून मगच साबणाच्या बादलीत बुडवावा. चाके सर्वांत शेवटी व वेगळ्या फडक्याने धुवावीत, कारण ब्रेकच्या झिजेतून आलेले लोखंडाचे कण तेथे असतात. कपड्यांचा साबण टाळावा; दुष्फेन पाण्यात त्याची न विरघळणारी साय बनते. भांड्यांसाठीची प्रक्षालके मेणही काढून टाकतात. पाण्याची टंचाई असेल तेथे दोन बादल्यांत हे काम होऊ शकते. नळाची धार सतत सोडण्याची गरज नाही.

कोरडे करण्याला काळ्या गाडीत धुण्याइतकेच महत्त्व आहे. एका लिटरात ३०० मिग्रॅ. विरघळलेले क्षार असलेल्या विहिरीच्या पाण्याचा एक थेंब वाळला, तर मागे ०·०१५ मिग्रॅ. क्षार उरतात. ही राशी नगण्य वाटते, पण ती थेंबाच्या कडेला कड्याच्या रूपात जमते व काळ्यावर पांढरी दिसते. ताजा डाग पाण्याने किंवा पाणी घातलेल्या शिरक्याने निघतो. उन्हात तो पुनःपुन्हा भिजला व तापला, तर लेपात खोलगट खूण राहते. थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतो, हा मात्र गैरसमज आहे. सपाट पृष्ठभागावर टेकलेल्या थेंबाचे केंद्रस्थान पृष्ठभागाच्या बरेच खाली पडते. काळी गाडी तापते मात्र खरोखरच जास्त. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या काळ्या गाडीचा टप तशाच रुपेरी गाडीच्या टपापेक्षा २५ °से. पर्यंत अधिक तापलेला आढळला. म्हणून अशी गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असतानाच धुवावी व पाणी लगेच टिपून घ्यावे. पक्ष्यांची विष्ठा व झाडाचा चीकही तापलेल्या काळ्या पत्र्यावर लवकर चरतो. ते ओल्या फडक्याने काही वेळ भिजवून उचलावे, घासू नये. टिपण्यासाठी पूर्वी शॅमॉय चामडे वापरीत. नावाप्रमाणे ते आल्प्समधील एका पर्वतीय रानबोकडाचे. पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा माशाच्या तेलात कमावलेले मेंढीचे असे. ते पाणी चांगले शोषते, परंतु गुळगुळीत असल्याने मधे सापडलेला कण ओढत नेते. बहुएस्टर व बहुअमाइड यांच्या चिरलेल्या सूक्ष्म तंतूंचे लोंबते कापड असा कण आपल्या लवेत सामावून घेते. म्हणून त्याने आता शॅमॉयची जागा घेतली आहे. वाऱ्याच्या झोताने पाणी उडविणे हा स्पर्शच टाळणारा मार्ग त्याहूनही निर्धोक.

संरक्षक लेपांत अलीकडे सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेपांचा बराच बोलबाला आहे. ते मेणापेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकतात व पाणी झटकून टाकतात, त्यामुळे मळ कमी चिकटतो. त्यांची जाडी मात्र फार तर एक-दोन मायक्रोमीटर असते. जाहिरातींतील ‘९ एच’ ही कठिनता पेन्सिलींच्या श्रेणीतील असून खनिजांच्या मोस श्रेणीशी तिचा संबंध नाही. क्वॉर्ट्‌झाच्या कणापुढे असा लेपही हार खातो. व्हिएटनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी वापरलेल्या पॉलियुरेथेन पटलापासून विकसित झालेली पारदर्शक पटले अधिक जाड असल्याने खड्यांचा मारा सोसतात. निसान कंपनीने २००५ साली जाहीर केलेल्या पारदर्शक लेपात लवचिक राळ वापरलेली होती व त्यावरील बारीक ओरखडे काही काळाने आपोआप भरून येत. ही क्रिया उबेत जलद घडते. त्यामुळे उन्हात तापण्याचा काळ्या गाडीचा अवगुण येथे तरी तिच्या उपयोगी पडतो.

काही कारखाने बिनचकाकीचा काळा लेपही देतात. त्याचा पारदर्शक थर मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो व तो प्रकाश विखुरतो. अशा गाडीवर पॉलिश फिरविले किंवा साधे मेण लावले, तर तेवढ्याच जागी चकाकणारा ठिपका पडतो. तो घालविता येत नाही. तो भाग नव्याने रंगवावा लागतो.